नाना, गाडीखालचं तुम्ही दाखवलंत

नाना, सादर नमस्कार.

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवून दिला असता. म्हणून लिहूनच टाकते, आणि चार लोकांनाही वाचू देते. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, तसं तुम्ही बजावलंच आहे. शहाद्याला ज्याने कधी ट्रॉलीचा तुटलेला हूक जोडून घेतला असेल, तो ओळखेल.

परवा रात्री चांदसैली घाटाच्या पलीकडच्या एका पाड्यावरून गायीसाठी बोलावणं आलं. वासरू आडवं आलं होतं. घाटात पावसाने दगड रस्त्यावर उतरले होते आणि एका वळणावर माझी थार खालून अशी आदळली की पायाला हादरा बसला. उतरले, टॉर्च मारून वाकून पाहिलं. तुम्ही गाडीच्या पोटाखाली लावलेल्या पोलादी पत्र्यावर वीतभर चकचकीत ओरखडा आणि तेलाचा एक थेंबही नाही. पुढे गेले. गाय वाचली, वासरूही वाचलं. त्या घरातल्या म्हातारीने माझे हात धरले तेव्हा मला तुम्हीच आठवलात.

या आधी मी काय काय ऐकून घेतलं, ते तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. एका मोठ्या चकाचक दुकानात मी विचारलं, की गाडीचं चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, दगडापासून वाचेल असं काय आहे? तिथला माणूस हसून म्हणाला, “मॅडम, खाली कोण बघतं?” आणि पुढचा अर्धा तास तो माझ्या भावाशी बोलत राहिला. गाडी माझी, चालवते मी, पैसे माझे. पण पुढचा जाड पाइपचा गार्ड, टपावरचे दिवे, गाडी ओढायच्या रंगीत कड्या (शॅकल) सगळं भावाला दाखवलं जात होतं. दुसऱ्या ठिकाणी ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ म्हणून एक पत्रा ठोकून दिला. तेल काढायचं नटच त्याने झाकलं गेलं, आणि पत्रा चेसिसला, म्हणजे गाडीच्या मुख्य सांगाड्याला, न धरता बॉडीच्या पातळ पत्र्याला स्क्रूने अडकवलेला. मोलगीच्या रस्त्यावर तो एका बाजूने सुटून खरडत राहिला. तक्रार घेऊन गेले तर म्हणाले, तुम्ही गाडी जोरात चालवली असेल.

आणि मग तुम्ही. शेडमध्ये पाय ठेवला तेव्हा मीच आधी घाईघाईने सांगू लागले की मला काय काय बसवायचं आहे. तुम्ही ऐकून घेतलंत, आत गेलात, एक स्वच्छ गोणपाट झटकून गाडीखाली अंथरलंत, टॉर्च माझ्या हातात दिलात आणि शेजारी स्वतः जमिनीवर आडवे झालात. “डॉक्टरताई, तुमनी गाडीले मार खालथून शे, पुढथून नही. आधी पाही ल्या.” गोणपाट एकच होतं आणि ते माझ्यासाठी होतं. तुमचा सदरा काळ्या तेलात. भाऊ बाजूलाच उभा होता, पण तुम्ही बोट दाखवत होतात ते मला आणि विचारत होतात तेही मला: ओढा कुठे लागतो, पाणी किती असतं, लसींचा डबा कुठे ठेवता. इतक्या दुकानांत फिरले, पण माझी वाट कोणती हे तुमच्याआधी कोणी विचारलं नव्हतं.

तुम्ही सांगितलेलं अजून कानात आहे. मी पाच मिलीमीटरचा पत्रा मागत होते. तुम्ही खडूने शेडच्या भिंतीवर हिशोब मांडलात. तीन मिलीमीटर पोलादाचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलोच्या आसपास, पाचाचं एकोणचाळीसवर. कडा दुमडल्या की तीन मिलीमीटरचाही पुरतो, आणि वाचलेलं वजन औषधांना मिळतं. अॅल्युमिनियम हलकं, पण आपल्या सातपुड्याच्या खडकावर ते ओरबाडलं जातं. पोलाद घसरून पुढे जातं. मग भोकं. तेलाच्या नटासमोर एक, आणि मागे धुण्यासाठी मोठी चार, कारण आपली काळी माती पत्र्यावर साचली की वाळून दगड होते आणि ओल धरून लोखंड खाते. हे कुठल्या पुस्तकात नसेल. तापीकाठच्या चिखलातले ट्रॅक्टर ज्याने आयुष्यभर जोडले त्यालाच ठाऊक.

शेवटी प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढलीत, बोल्टच्या डोक्यावरून थेट पत्र्यावर उतरणारी. रेघ मोडलेली दिसली की बोल्ट फिरला समजायचं. आता दर रविवारी मी खाली वाकून त्या रेघा बघते. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याच्या, ब्रीदरची (हवा आत-बाहेर जाण्याची) नळी निसटलेली तुम्हालाच दिसली. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात उतरला की हवा आत ओढतो, नळी बुडालेली असेल तर पाणीच ओढतो आणि आतलं तेल दुधाच्या चहासारखं होतं. माझ्या लक्षातही आलं नसतं. स्नॉर्केल, म्हणजे इंजिनासाठी टपाच्या उंचीवरून हवा घेणारी नळी, विचारला तर म्हणालात, इंजिनाला हवा वरून मिळेल एवढंच. वाहत्या पाण्यात गाडी तरीही वाहूनच जाईल, तिथे थांबायचं.

माझं काम चालू असताना एक पोरगा नव्या गाडीला पुढचा गार्ड लावून घ्यायला आला होता. पैसे हातात घेऊन. तुम्ही नाही म्हणालात. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे, हे तर सांगितलंतच. पण पुढे जे बोललात ते जास्त महत्त्वाचं. धडक झाली तर गाडीचा पुढचा भाग चेपून मार गिळायचा असतो. गार्ड तो मार सरळ चेसिसवर नेतो आणि एअरबॅग चुकीच्या वेळी उघडू शकते, किंवा उघडतही नाही. आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेने लेकरं चालतात, त्यांच्या छातीशी तो पाइप येतो. पोरगा नाराज होऊन गेला. तुमचं गिऱ्हाईक गेलं, आणि तुम्ही परत गाडीखाली शिरलात.

नाना, आपल्या खान्देशात अशी माणसं आहेत म्हणून डोंगरातली कामं चालतात. जो एस.टी.चा ड्रायव्हर घाटात म्हातारीसाठी थांबतो, जो दवाखान्यातला कंपाउंडर सुट्टीच्या दिवशी शटर उघडतो, त्यांची दखल कुठेच घेतली जात नाही. दुकानाची काच चकचकीत असण्यापेक्षा समोरच्याचं बोलणं नीट ऐकून घेणं कितीतरी दुर्मीळ झालं आहे. मला ते तुमच्याकडे मिळालं, न मागता.

परवाच्या दगडाने पत्र्याची डावी कड थोडी वाकली आहे. पोळा झाला की दाखवायला येते. येताना धडगावचं आमचूर आणते. आणि तो आधीचा पत्रा खोलून काढायचे पैसे तुम्ही घेतले नव्हते, ते या वेळी घ्यावेच लागतील.

तुमची,
डॉक्टरताई