सूचना : गोव्यातील नौदल विमान संग्रहालयाची भेट

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, ठरल्याप्रमाणे येत्या रविवारी आपण बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालय पाहण्यास जाणार आहोत. सोमवारी संग्रहालय बंद असल्याने दिवस बदलता येणार नाही. बस पहाटे ५.३० वाजता बेळगावच्या धर्मवीर संभाजी चौकातून निघेल आणि जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाने जाईल. घाटात ज्यांना मळमळते, त्यांनी पुढची आसने आधीच मागून घ्यावीत.

उघड्या आवारातील सुपर कॉन्स्टेलेशन हे विमान कोणीही घाईत पाहू नये. चार पिस्टन इंजिने आणि तीन उभ्या शेपट्या असलेले हे विमान आधी एअर इंडियाकडे, पुढे हवाई दलाकडे आणि १९७६ पासून सागरी टेहळणीसाठी नौदलाकडे होते. पाण्यावर व जमिनीवरही उतरणारे शॉर्ट सीलँड तर त्याहून दुर्मीळ. १९५३ मध्ये कोचीत दाखल झालेली हीच नौदलाची पहिली विमाने. १९७१ च्या युद्धात 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून उडालेली सी हॉक आणि अलिझे या जातींची विमाने, तसेच २०१६ मध्ये निवृत्त झालेले सी हॅरियरही तेथे आहे. बेळगावजवळच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवरची विमाने कुंपणाबाहेरून पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना इतक्या जवळून पाहण्याचा मोह आवरणार नाही, तरीही खाऱ्या वाऱ्याने आधीच झिजलेल्या पत्र्यांना कोणी हात लावू नये.

नावे व वर्गणी गुरुवार सायंकाळपर्यंत चिटणीसांकडे द्यावी. ओळखपत्र, टोपी आणि दुपारचा डबा सोबत असावा.