पार्कबाहेरच्या तीन दिवसांचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
थीम पार्क व रिसॉर्ट

संदर्भ: मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातलं सहा जणांचं बुकिंग, चार रात्री पाच दिवस (पावती सोबत जोडली आहे); तसंच तुमच्याकडून आलेलं २,००० रुपयांचं कूपन.

महोदय,

मी मोर्शी तालुक्यातला संत्रा उत्पादक शेतकरी. पत्र थोडं लांबणार आहे. फोनवर तीनदा सांगून झालं आणि तिन्ही वेळा वेगळ्या माणसानं पहिल्यापासून विचारलं, म्हणून आता सगळं एकदाच लिहून देतो.

आधी पार्कबद्दल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सोमवारी पोरं सकाळी दहाला आत शिरली ती दिवेलागणीला बाहेर आली. मुलगा तेरा वर्षांचा, भाची सोळाची, धाकटी सात. तिघांचाही दिवस सोन्याचा गेला. खोल्या स्वच्छ होत्या, जेवण ठीक होतं. वरणात गूळ जरा जास्त पडत होता, पण ती काही तक्रारीची बाब नव्हे.

तक्रार आहे ती पावतीवरच्या तिसऱ्या ओळीबद्दल. पहिली ओळ खोल्या व जेवणाची, २४,००० रुपये. दुसरी पार्कच्या तिकिटांची, ९,६०० रुपये. तिसरी ओळ अशी: 'पार्कबाहेरील उपक्रम, नियोजन व वाहतूक, १५,००० रुपये'. हे पैसे आम्ही हौसेनं दिले नव्हते. माझ्या आईचं वय बहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले. पार्कात ती पाळण्यात बसणार नाही, पाण्यात उतरणार नाही, हे घरूनच माहीत होतं. झालंही तसंच. सोमवारी ती आठ तास एका बाकावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळत होती. बाकीचे दिवस तरी तिचे असावेत, एवढ्याचसाठी ही तिसरी ओळ घेतली. अमरावतीच्या प्रदर्शनात तुमच्या स्टॉलवर मी हे सगळं बोललो होतो. तिथल्या मुलीनं फॉर्मवर 'ज्येष्ठ नागरिक १, चालण्यास त्रास' असं लिहूनही घेतलं. आईची एकच इच्छा होती, सेवाग्राम आणि पवनार बघायचं. 'होऊन जाईल सर' असा तुमच्या माणसाचा व्हॉट्सअॅपवरचा निरोप अजून माझ्या फोनमध्ये आहे.

आता तुम्ही काय नियोजन केलं ते सांगतो.

मंगळवारी ताडोबा. रात्री अडीचला उठवलं, तीनला गाडी निघाली. आईला अंधारातच बी.पी.ची गोळी दिली. धाकटी माझ्या मांडीवर झोपलेली, हातात पुठ्ठ्याची दुर्बीण. शंभराच्या वर किलोमीटर जाऊन चिमूरकडच्या गेटवर पोहोचलो, तर गेट बंद. चौकीतला वनरक्षक बाहेर आला आणि म्हणाला, "मंगळवारी कोअर बंद राह्यते दादा. तुम्हाला कोणी पाठवलं?"

ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतो हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पानठेल्यावरचं पोरगंही सांगेल. तुम्हाला ते ठाऊक नसेल, तर तुम्ही सफारी विकू नये. ठाऊक असेल, तर मग मंगळवारी का पाठवलं? शिवाय सफारीचा परवाना आधी ऑनलाइन काढावा लागतो, तोही प्रत्येकाच्या नावानं आणि ओळखपत्रावर. तुम्ही आमच्या सहाही जणांच्या आधारकार्डांच्या प्रती महिनाभर आधी घेतल्या होत्या. त्या प्रतींचं तुम्ही काय केलंत, हा माझा लेखी प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला लेखीच हवं. परवाना काढायला कोणी बसलं असतं, तर मंगळवारची तारीखच मिळत नाही हे त्याला पाच मिनिटांत कळलं असतं. म्हणजे कोणी बसलंच नाही. आणखी एक. तुमच्या माहितीपत्रकात 'सफारीत रील बनवा' असं छापलंय. कोअरमध्ये मोबाईलला बंदी आहे. निदान छापण्याआधी तरी कुणाला विचारत जा.

गेटजवळच्या टपरीवर चहा घेतला आणि परत फिरलो. धाकटीनं त्या दिवशी एकच जंगली प्राणी पाहिला, काळ्या तोंडाचं वानर. ती तर आमच्या बागेतली रोजची गिऱ्हाइकं. जाऊन-येऊन दोन-अडीचशे किलोमीटर, आणि दिवसभर खोलीत पडून झोप.

बुधवारी सकाळी 'ग्रामजीवन अनुभव'. महोदय, आम्ही राहतो खेड्यात. माझ्या अंगणात दोन बैल आहेत. खेड्यातले आहोत हे फॉर्मवर पत्त्याच्या रकान्यात दिसत होतं. तरी आम्हाला एका शेडमध्ये नेऊन चूल दाखवली. चुलीत गॅसची शेगडी लपवलेली होती. मग माझ्या बायकोला सांगितलं की ताई, आता तुम्ही अंगण सारवा, आम्ही फोटो काढतो. ती म्हणाली, "घरी त फुकट सारवतो मी, इथं पैसे देऊन सारवू काय?" आईला मात्र राहवलं नाही. शेणकाला फार पातळ झालाय, थोडी माती टाक, हात असा फिरव, असं ती तिथल्या मुलीला शिकवत बसली. म्हणजे अनुभव आम्ही दिला आणि पैसेही आम्हीच भरले.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्यानंतर अकरा वाजता बैलबंडी जुंपली. मे महिना, ४४ अंश तापमान, आणि बैलांच्या तोंडातून फेस येत होता. आमच्याकडे वैशाखात वखर चालतो तो पहाटे. नऊ वाजता बैल सावलीला बांधलेले असतात. मी पोरांना बंडीवर बसू दिलं नाही. तुमच्या माणसानं 'मग हा उपक्रम पूर्ण झाला असं धरतो' म्हणत माझी सही मागितली. मी सही केली नाही. तो कोरा कागद तुमच्याकडे असेलच, काढून बघा.

त्यानंतर संत्राबाग. पत्रकात लिहिलंय, 'स्वतःच्या हातानं संत्री तोडण्याचा आनंद'. मी तीस वर्षं संत्रा करतो, म्हणून एवढं सांगतो. आमच्या भागात संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्याची फळं दिवाळीच्या आसपासपासून उतरतात. मृग बहार पावसाच्या तोंडावर फुलतो आणि त्याची फळं पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. मे महिन्यात झाडावर तोडण्याजोगं संत्रं नसतं. असतात त्या आंबियाच्या लिंबाएवढ्या, किंवा त्याहून लहान, हिरव्या गोळ्या. त्याही उन्हानं गळत असतात आणि त्या टिकवायला शेतकरी टँकरनं पाणी घालत असतो. ज्याला मृग घ्यायचा तो या दिवसांत बागेचं पाणी तोडतो. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, झाड सुकल्यासारखं दिसतं, आणि मग पाऊस पडला की फुलतं.

तुम्ही नेलेली बाग ताणावर होती. बागवान बिचारा ओशाळून उभा होता, त्याच्याकडे बोट दाखवायला माझं मन होत नाही. पण तुमचा गाइड दुसऱ्या ओळीतल्या आंबियाच्या झाडांकडे गेला आणि भाचीला म्हणाला, "बेटा, एक एक तोड, आठवण म्हणून." हिरवी फळं! मी त्याचा हात धरला. रागाच्या भरात मी बोललो ते जरा जास्तच बोललो, हेही इथं मान्य करतो. पण दुसऱ्याच्या बागेतलं कच्चं फळ पोरांकडून तोडवणं हा कुठला उपक्रम?

दुपारी एकला रामटेक. आईला. मे महिन्यात. गडावरच्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी. कालिदासाच्या स्मारकाकडे माणसानं आषाढात जावं, ढग बघायला. तुम्ही आम्हाला वैशाखात धाडलं, तेही डोक्यावर सूर्य असताना. इथं तुमच्या ड्रायव्हरनं आमची अब्रू राखली. तो म्हणाला, "काकू, आत्ता वर जाणं नाही." मग त्यानं गाडी खाली झाडाच्या सावलीत लावली, पोरांसाठी टरबूज घेतलं आणि साडेपाचला गाडी गडावर जाते तिथवर नेली. उरलेल्या तापलेल्या दगडांवर ओलं गोणपाट टाकून आईला दर्शनापर्यंत पोहोचवलं. संध्याकाळी वारा सुटला, खाली तळं चमकत होतं. आई पहिल्यांदा हसली ती तिथं. पाच दिवसांतला चांगला तेवढाच एक तास, आणि तो तुमच्या नियोजनात नव्हता.

आणि सेवाग्राम? छापील कार्यक्रमात गुरुवारी लिहिलं होतं, 'सेवाग्राम (वेळ मिळाल्यास)'. गुरुवारी सकाळी काउंटरवर सांगितलं, वेळ नाही, गाडी दुसऱ्या पाहुण्यांना दिली आहे. मी २,२०० रुपये देऊन खासगी गाडी केली. सकाळी दहाच्या आत आश्रमात पोहोचलो. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले. बापू कुटीच्या मातीच्या भिंती, आणि त्या उन्हातही आत गारवा. आई ओटीवर टेकून बसली. तिचे वडील विनोबांच्या भूदानात एका गावाहून दुसऱ्या गावी चालले होते. त्या आठवणी तिनं नातवंडांना तिथं सांगितल्या, ज्या मी स्वतः कधी ऐकल्या नव्हत्या. मग पवनारला धाम नदीच्या काठी आश्रमात अर्धा तास. विनोबा गेले ते इथंच, नोव्हेंबर १९८२ मध्ये, हे तिनं पोरांना दाखवलं. मग वर्ध्याला जेवलो आणि आर्वीमार्गे एसटीनं घरी. यात अवघड काय होतं? लवकर निघायचं, सावलीत बसायचं, दुपारी कुठं हिंडायचं नाही. पंधरा हजार रुपये घेणाऱ्या माणसाला एवढं सुचायला हवं होतं.

याबद्दल मी फोन केल्यावर तुमच्याकडून आलेला मेल सोबत जोडला आहे. त्यात म्हटलंय, 'हवामान व वनविभागाचे नियम आमच्या नियंत्रणाबाहेर आहेत, तरी सदिच्छा म्हणून २,००० रुपयांचं कूपन देत आहोत.' मंगळवार दर आठवड्याला येतो. मे महिना दर वर्षी येतो. यातलं काहीही नैसर्गिक आपत्तीत मोडत नाही. आणि ते कूपन शनिवार-रविवार, उन्हाळी सुट्ट्या आणि दिवाळी सोडून वापरायचं आहे. म्हणजे पोरांची शाळा बुडवून यायचं! कूपन मला नको, ते या पत्रासोबत परत पाठवत आहे.

माझी मागणी हिशोबानं मांडतो. पार्कबाहेरच्या उपक्रमांचे १५,००० रुपये. त्यातून रामटेकच्या गाडीचे आणि ड्रायव्हरच्या दिवसाचे ३,००० रुपये मी वजा करतो, ते त्याच्या कष्टाचे आहेत. राहिले १२,०००. त्यात सेवाग्रामच्या खासगी गाडीचे २,२०० मिळवले की १४,२०० रुपये. एवढी रक्कम माझ्या खात्यावर पंधरा दिवसांत जमा करावी. मनस्तापाचे पैसे मी आज मागत नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात जाईन. या कायद्यानं ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मला तुमच्या मुख्यालयाच्या शहरात खेटे घालायची गरज नाही. अमरावती मला एसटीच्या अंतरावर आहे. आणि तिथं मनस्तापाचे पैसेही मागीन.

कळावे,

आपला ग्राहक
(नाव, बुकिंग क्रमांक व खाते क्रमांक सोबतच्या पावतीवर आणि रद्द केलेल्या धनादेशावर)

सोबत: पावतीची प्रत, छापील कार्यक्रम, व्हॉट्सअॅपवरच्या बोलण्याचे फोटो, वनविभागाच्या गेटवरच्या पाटीचा फोटो, खासगी गाडीची पावती, तुमचा मेल, मूळ कूपन.

ता. क.: बुधवारी ठरलेल्या वेळेपेक्षा चार तास उशिरा गाडी परत आली म्हणून तुमच्या ड्रायव्हरचा अर्धा दिवस कापला, असं तो गुरुवारी निघताना सांगत होता. तो उशीर आमच्या आईसाठी होता. ते पैसे त्याला द्यावेत. आणि दिलेत की नाही, ते मला कळवावं.