अक्षांश समुद्रावर सापडत होता, रेखांश नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय जलप्रवासांवर आलेला लेख आवडीने वाचला. चित्रे उत्तम होती आणि लेखनही रंजक होते. परंतु त्यातील दोन विधाने तशीच सोडून देणे मला योग्य वाटत नाही. अ‍ॅस्ट्रोलेब या सूर्य-ताऱ्यांची उंची मोजण्याच्या उपकरणाच्या साह्याने खलाशी भर समुद्रात अक्षांश आणि रेखांश दोन्ही काढत असत, हे पहिले विधान. आणि गणितज्ञांनी पुस्तके व उपकरणे तयार करून दिली व अडाणी खलाशांनी ती निमूटपणे वापरली, हे दुसरे.

पहिले विधान सरळ चुकीचे आहे. मध्यान्हीच्या सूर्याची किंवा रात्री ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजली, तर अक्षांश मिळतो. सूर्याच्या बाबतीत त्या दिवसाची क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेस वा दक्षिणेस आहे, हे ठाऊक असावे लागते, आणि त्यासाठीच पेद्रो दे मेदिना (१५४५) आणि मार्तिन कोर्तेस (१५५१) यांच्या स्पॅनिश नौकानयन ग्रंथांत कोष्टके दिलेली असत. कोर्तेसचा ग्रंथ १५६१ मध्ये इंग्रजीत आला आणि इंग्रज नाविकांची एक अख्खी पिढी त्यावर शिकली. रेखांशासाठी मात्र आपली स्थानिक वेळ आणि एखाद्या ठरावीक ठिकाणची वेळ यांतील फरक कळावा लागतो. हेलकावे खाणाऱ्या जहाजावर महिनोन्‌महिने अचूक चालणारे घड्याळ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणाजवळ नव्हते, आणि चंद्राच्या स्थानावरून वेळ काढण्याची रीतही तेव्हाच व्यवहारात आली.

या अडचणीतून सुटण्याची एक आशा त्या काळी होकायंत्रावर टांगलेली होती. सुई खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळते, आणि हे ढळणे पूर्वेकडे वा पश्चिमेकडे जाताना ठरावीक प्रमाणात बदलत असेल, तर त्यावरूनच रेखांश काढता येईल, असे पुष्कळांना वाटे. या समजुतीची कसून परीक्षा ज्या प्रवासात झाली, तो लिस्बनहून गोव्याला येणारा १५३८ चा प्रवास होता, ही गोष्ट लेखात यायला हवी होती. जुआंव द कास्त्रू या पोर्तुगीज अधिकाऱ्याने पेद्रू नुनिश या गणितज्ञाने सुचवलेले छायायंत्र बरोबर आणले होते. आडव्या तबकडीच्या मध्यभागी उभी सळई, खाली चुंबकसुई, एवढाच त्याचा पसारा. मध्यान्हीपूर्वी आणि मध्यान्हीनंतर सूर्य सारख्याच उंचीवर असताना सळईची सावली कुठे पडते ते टिपायचे, आणि दोन खुणांच्या मधोमध येणारी रेषा खरी उत्तर दाखवते. कास्त्रूने हे मोजमाप वाटेत पुन्हा पुन्हा केले, नोंदी ठेवल्या, आणि सुईच्या ढळण्याचा रेखांशाशी सरळ संबंध नाही, असे त्याला आढळले. जवळ असलेल्या तोफेमुळेही सुई फिरते, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत आरमाराबरोबर जाताना त्याने आपल्या किनाऱ्याचे जे सागरी वर्णन लिहिले, त्यात दाभोळ, चौल, वसई ही बंदरे आहेत आणि घारापुरीची लेणीही आहेत. हा माणूस १५४५ मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानचा कारभारी म्हणून परत आला आणि १५४८ मध्ये गोव्यातच वारला.

रेखांश नाही म्हटल्यावर उरतो तो दिशा, वेग आणि वेळ यांचा हिशेब. येथेच दुसऱ्या विधानाकडे वळतो, कारण खलाशी किती निमूट होते ते या हिशेबातच दिसते. वेग मोजण्याची दोरी छापील पुस्तकात प्रथम वर्णिली ती विल्यम बोर्न याने १५७४ मध्ये. बोर्न विद्यापीठातला नव्हे. इंग्लंडातील टेम्सकाठच्या ग्रेव्हझेंडचा खानावळवाला आणि तोफा डागणारा गोलंदाज. त्यानेच लिहून ठेवले आहे की, उपकरणे घेऊन आकाशाकडे पाहणाऱ्यांना जुने कप्तान ‘तारे मारणारे’ म्हणत आणि नेम लागला का, असे विचारून त्यांची टर उडवत. जहाजाच्या मागून लाकडाची फळी पाण्यात सोडायची, तिला बांधलेली दोरी मोकळी सोडायची आणि अर्ध्या मिनिटाच्या वाळूच्या घड्याळात किती दोरी गेली ते पाहायचे, अशी ती पद्धत. पुढे या दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारण्याची चाल पडली, म्हणजे अर्ध्या मिनिटात जितक्या गाठी जातील तितके मैल ताशी वेग, आणि दोन गाठींमधले अंतर सात वाव, म्हणजे ४२ फूट, हे ठरून गेले. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० मैल आणि मैल ५००० फुटांचा, या जुन्या समजुतीतून तो आकडा आलेला होता.

रिचर्ड नॉरवुड याने हा आकडा तपासला. मासेविक्याकडची उमेदवारी सोडून समुद्रावर गेलेला आणि जहाजावरच गणित शिकलेला हा गृहस्थ. १६३३ च्या जूनमध्ये लंडनला आणि १६३५ च्या जूनमध्ये यॉर्कला त्याने मध्यान्हीच्या सूर्याची उंची घेतली, आणि दोन शहरांमधला रस्ता काही ठिकाणी साखळीने, तर काही ठिकाणी पावले मोजून काढला. एका अंशाचे ३,६७,१९६ फूट हे उत्तर त्याने १६३७ मध्ये छापले. आजच्या मापाशी ताडले तर चूक एका टक्क्याच्याही आत आहे. पावलांनी मोजलेल्या रस्त्यासाठी हे थोडे नव्हे. त्यावरून सागरी मैल सुमारे ६१२० फुटांचा ठरतो, आणि गाठींतले अंतर सुमारे ५१ फूट हवे. वापराच्या सोयीसाठी त्याने ५० फूट सुचवले.

नाविकांनी ते लगेच स्वीकारले नाही. आखूड गाठींमुळे जहाजाने खरे १०० मैल काटले असता वहीत सुमारे १२१ भरत, आणि किनारा आहे त्यापेक्षा जवळ आला असे वाटून कप्तान वेळेआधीच सावध होई. आपला हिशेब जहाजाच्या पुढे असावा, मागे नसावा, हे त्यांचे म्हणणे होते, आणि काळोख्या रात्री खडकाळ किनाऱ्याकडे जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते मुळीच मूर्खपणाचे नाही. गणिताच्या दृष्टीने नॉरवुड बरोबर होता यात शंका नाही. पण चूक कोणत्या बाजूला ठेवायची, याचा विचार खलाशांनी केला होता. यालाच अडाणीपणा म्हणायचे असेल, तर माझ्या नोकरीत मी पाहिलेले कित्येक चांगले नाविक अडाणीच म्हणावे लागतील.

उलट बाजूही सांगायला हवी: खलाशांनीही उपकरणे घडवली, आणि गणितज्ञांचा वाटाही मोठा होता. बॅकस्टाफ हे सूर्याची उंची मोजण्याचे उपकरण जॉन डेव्हिस या आर्क्टिकच्या बर्फात फिरलेल्या कप्तानाने १५९० च्या दशकात पुस्तकातून मांडले. त्याआधीच्या क्रॉस-स्टाफने सूर्याची उंची घ्यायची तर थेट सूर्याकडे बघावे लागे, आणि सूर्य व क्षितिज एकाच वेळी नजरेत धरावे लागत. डेव्हिसने नाविकाला सूर्याकडे पाठ करायला लावली. वरच्या पट्टीची सावली समोरच्या फटीवर पडली आणि त्याच फटीतून क्षितिज दिसले की मोजमाप पुरे. गणिताचे ओझे हलके करण्याचे मोठे काम मात्र ग्रेशम कॉलेजातील प्राध्यापक एडमंड गंटर याने केले. नेपियर या स्कॉटिश गणितज्ञाने १६१४ मध्ये जगापुढे ठेवलेले लॉगॅरिथम, म्हणजे गुणाकाराचे काम बेरजेवर आणणारे आकडे, गंटरने दोन फुटी लाकडी पट्टीवर रेषा म्हणून कोरले, त्यामुळे कर्कटकाचे एक टोक इथे, दुसरे तिथे ठेवून गुणाकार-भागाकार आणि त्रिकोणमितीची उदाहरणे सुटू लागली. कोष्टक वाचणे ज्याला जड जात होते, त्यालाही हाताने अंतर उचलून ठेवता येत होते. ही पट्टी पुढे दोनशेहून अधिक वर्षे जहाजांवर टिकली.

तेव्हा रेखांशाविषयीची दुरुस्ती आपण पुढच्या रविवारी छापावी, अशी विनंती आहे, कारण शाळांतील मुले अशी कात्रणे प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात. आणि लेखमाला पुढे चालणार असेल, तर कास्त्रूच्या वर्णनासोबत असलेल्या बंदरांच्या चित्रांपैकी निदान चौलचे एखादे चित्र आपण छापावे.

आपला,
एक निवृत्त सागरी अधिकारी, रत्नागिरी