गव्हाच्या निर्यातीचं काय ते पेरणीआधी सांगा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात गहू महागल्याची बातमी वाचली. गृहिणी बोलल्या, गिरणीवाले बोलले, पण गहू पिकवणाऱ्याला कोणी विचारलंच नाही म्हणून लिहितोय. मी निफाड तालुक्यातला, कांदा द्राक्षं आणि दरवर्षी दोन एकर लोकवन गहू करतो, वर्षाचा घरात ठेवून बाकीचा विकतो.

२०२२ चं सांगतो. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, दोघंही जगाला गहू पुरवणारे, त्यामुळे सगळीकडे भाव चढले. हमीभाव क्विंटलला २०१५ रुपये होता आणि व्यापारी त्याच्या वर घेत होते, गावात जो तो म्हणायचा थांब अजून वाढेल, म्हणून मी पण तीस कट्टे घरात थप्पी लावून ठेवले. १२ मेला सरकारने सांगितलं की गहू विकायला नऊ देशांत शिष्टमंडळं पाठवतोय, मोरोक्को, इंडोनेशिया, व्हिएतनाम वगैरे, आणि लगेच १३ मेला निर्यातबंदी! तो शुक्रवार होता. सोमवारी मार्केटला गेलो तर व्यापारी माल बघायलाच तयार नाही. कांद्याचं असं होतं ते आम्हाला माहितीये, गव्हाचं पण होईल असं वाटलं नव्हतं.

बंदी का केली ते मला कळतं हो. मार्चमध्येच ऊन पेटलं, पंजाब हरियाणात दाणा भरायच्या टायमाला उष्णता लागली, दाणा बारीक राहिला, सरकारी खरेदी आदल्या वर्षी ४३३ लाख टन झालेली ती १८८ लाखांवर आली. रेशनला गहू लागणारच, गरिबाची चपाती महाग व्हावी असं कुठल्याच शेतकऱ्याला वाटत नाही. पण भाव पडल्यावर आम्ही कुठं जायचं? हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, पण सरकारी खरेदी मुख्यतः पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशात, आमच्याकडं गव्हाचं खरेदी केंद्र मी अजून बघितलेलं नाही. वर जानेवारी २०२३ मध्ये, आमचा गहू ओंबीत असताना, सरकारने गोदामातला ३० लाख टन गहू बाजारात काढायचं ठरवलं आणि काढणीपर्यंत भाव खाली.

सरकारी साठा किती खाली गेला की निर्यात बंद होणार तो आकडा ऑक्टोबरमध्येच जाहीर करा, म्हणजे नोव्हेंबरात गहू पेरायचा की हरभरा ते आम्ही बघू. आणि जिल्ह्यात एक तरी खरेदी केंद्र द्या.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, ता. निफाड, जि. नाशिक