हेतू मनात नव्हे, वादात शोधावा

संपादक महोदय,

जुन्या राजकीय ग्रंथांचा अर्थ लावताना लेखकाचा हेतू शोधणे व्यर्थ आहे, कारण गेलेल्या माणसाच्या मनात कोणाला डोकावता येत नाही, अशा आशयाचे मत आपल्या पुरवणीत वाचले. डोकावता येत नाही हे खरेच. पण हेतू केवळ मनातच दडलेला असतो, हे त्यामागचे गृहीतक मला मान्य नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचे शासनविषयक दोन प्रबंध १६८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रस्तावनेत राजा विल्यमचा गौरव असल्यामुळे, त्याला गादीवर आणणाऱ्या आदल्या वर्षीच्या इंग्लंडमधील सत्तांतराचे समर्थन म्हणूनच ते दीर्घकाळ वाचले गेले. इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी १९६० च्या आवृत्तीत दाखवून दिले की, त्यांतील बराचसा मजकूर सत्तांतराच्या कित्येक वर्षे आधी, तेव्हाचा राजा दुसरा चार्ल्स याच्या कॅथलिक भावाला वारसाहक्कातून वगळावे की नाही हा वाद पेटलेला असताना लिहिला गेला होता. मजकूर तोच राहिला. पण झालेल्या गोष्टीची सारवासारव वाटणारा ग्रंथ न झालेल्या प्रतिकाराची हाक ठरला. त्यासाठी लॅस्लेट यांना लॉकच्या अंतर्मनात शिरावे लागले नाही. त्याच्या ग्रंथसंग्रहाच्या नोंदी, टिपणे आणि राजसत्ता ईश्वरदत्त मानणाऱ्या ज्या फिल्मरचे तो खंडन करत होता त्याच्या पुस्तकांच्या तारखा पुरेशा ठरल्या.

राजकीय विचारांचे इतिहासकार क्वेंटिन स्किनर यांनी १९६९ च्या निबंधात हाच मुद्दा पुढे नेला : लेखक काय म्हणतो एवढेच नव्हे, तर ते म्हणताना तो काय करतो, हेही विचारले पाहिजे. राजाने प्रसंगी वचन मोडावे, हा इटालियन विचारवंत मॅकियाव्हेलीचा ‘द प्रिन्स’ या पुस्तकातला सल्ला सुटा वाचला तर निव्वळ निर्लज्जपणा वाटतो. वचनपालनाचे गोडवे गाणाऱ्या तत्कालीन राजोपदेशाच्या ग्रंथांशेजारी ठेवला की तो त्यांना दिलेला खोचक जबाब आहे हे कळते.

ग्रंथाचा अर्थ लेखकाच्या हेतूपाशी संपतो, असे मी म्हणत नाही. अठराव्या शतकातील विचारवंत रूसोला मॅकियाव्हेलीचे ते पुस्तक प्रजासत्ताकवाद्यांचे वाटले, आणि पुस्तकाचा तसा उपयोग करून घ्यायला कोणाचीच हरकत नसावी. मात्र मॅकियाव्हेलीचा छुपा हेतूच तो होता, असे म्हणायचे असेल, तर फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याने आपल्याला काहीतरी काम द्यावे अशी आस व्यक्त करणाऱ्या त्याच्या डिसेंबर १५१३ च्या पत्राचे काय करायचे, हेही सांगावे लागेल.

आपला,
एक वाचक