‘वॉन्ट’ म्हणजे नुसती इच्छा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ न्यायालयाच्या आदेशाची प्रत घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आले. ‘बाई, नातवानं वाचून सांगितलंय, पण मला काही पटंना, एवढं बघा की,’ म्हणाले. जमिनीच्या वाटणीचा जुना दावा, इंग्रजीतला दोन ओळींचा आदेश आणि त्यात ‘डिसमिस्ड फॉर वॉन्ट ऑफ प्रॉसिक्यूशन’ हे शब्द. नातू बारावीला आहे, अभ्यासात चांगला आहे. ‘वॉन्ट’ म्हणजे इच्छा हा पाठ केलेला अर्थ लावून त्याने आजोबांना सांगितले होते की, समोरच्यांना खटला लढवायची इच्छा आहे असे कोर्टाने लिहिले आहे, तेव्हा पुढची तारीख कळेपर्यंत थांबू. वास्तविक आदेशाचा अर्थ असा होता की, दावा चालवायला यांच्याच बाजूने कोणी उभे राहिले नाही, आणि त्या अभावी तो काढून टाकण्यात आला. असा दावा पुन्हा चालू करून घेण्याच्या अर्जाला 30 दिवसांची मुदत असते. त्यातले 22 दिवस ती प्रत देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात पडून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना वकिलांकडे पाठवले आणि अर्ज मुदतीत दाखल झाला. पण तेव्हापासून हा एक शब्द माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

मी 31 वर्षे करवीर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवले. त्या मुलाला दोष देणे मला जमणार नाही, कारण ‘वॉन्ट’ म्हणजे इच्छा असणे, ‘विश’ म्हणजे इच्छा करणे, ‘डिझायर’ म्हणजे इच्छा, ‘लाँग फॉर’ म्हणजे तीव्र इच्छा, अशी यादी मीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली आहे. बाजारातल्या गाइडांतही हीच यादी असते. चार वेगळ्या शब्दांपुढे एकच मराठी शब्द लिहिला की मुलाला ते चारही शब्द एकच वाटतात, आणि मग वाक्यात कोणताही कुठेही बसवला तरी चालेल असा त्याचा प्रामाणिक समज होतो.

‘वॉन्ट’चा मूळ अर्थ इच्छा नाहीच. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘कमी असणे, उणे पडणे’ असा होता. जे उणे आहे ते मिळावेसे वाटते, या ओघाने पुढे काही शतकांनी त्याला इच्छेचा अर्थ चिकटला आणि आता तोच बोलण्यात राहिला. न्यायालयाच्या भाषेत मात्र जुना अर्थ जिवंत आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 6 जानेवारी 1941 रोजी जी चार स्वातंत्र्ये सांगितली, त्यांतले ‘फ्रीडम फ्रॉम वॉन्ट’ हे याच अर्थाचे, आणि 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या उद्देशिकेतही तोच शब्द आहे. एका विद्यार्थ्याने निबंधात त्याचे भाषांतर ‘इच्छेपासून मुक्ती’ असे केले होते. उपाशी माणसाला अन्न मिळावे या मागणीचा असा वैराग्याचा उपदेश होऊन बसला, आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे ती चूक दिसलीही नसती.

आपल्या मराठीत याला किती जवळचा शब्द आहे पाहा. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या क्रियापदाचे जुने कर्मणी रूप आहे. म्हणजे जे पाहिले जाते, शोधले जाते ते. जी वस्तू हाताशी नाही तीच माणूस शोधतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना कारखान्यांच्या फाटकांवर ‘हेल्पर पाहिजेत’ अशा पाट्या दिसतात. तिथे कारखानदाराच्या मनातली इच्छा सांगितलेली नसून माणसे कमी आहेत हे सांगितलेले असते. पोलिसांच्या भाषेत ‘पाहिजे असलेला आरोपी’ म्हणतात, त्याला इंग्रजीत ‘वॉन्टेड’ म्हणतात. त्या आरोपीची कोणाला इच्छा नसते, त्याचा शोध असतो. वर्गात एवढे एक उदाहरण दिले असते, तरी शेजारच्या त्या मुलाला ‘फॉर वॉन्ट ऑफ’ अडले नसते असे मला राहून राहून वाटते.

‘विश’ आणि ‘होप’ यांतला फरक मला एका मुलीने शिकवला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेले, त्यानंतर शाळा भरली तेव्हा नववीच्या वर्गाला मी पुरावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. प्रयाग चिखलीच्या एका मुलीने लिहिले होते, ‘आय होप वुई हॅड लेफ्ट अर्लियर.’ मी तांबड्या शाईने ‘होप’ खोडून वर ‘विश’ लिहिले. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘बाई, दोन्हीचा अर्थ एकच हाय की.’ मी तिला म्हटले, तुला जे सांगायचे आहे ते आधी मराठीत सांग. ती म्हणाली, ‘आदल्या दिवशीच निघालो असतो, तर म्हशी वाचल्या असत्या.’ त्या ‘असतो’ आणि ‘असत्या’मध्ये ‘विश’चा सगळा अर्थ आहे. जे घडले नाही आणि आता घडणारही नाही, त्याविषयीची हळहळ मराठी ‘असते’ने बोलते आणि इंग्रजी ‘विश’पुढे क्रियापदाचा काळ मागे सरकवून बोलते. इशारा पातळी 39 फुटांची आणि धोक्याची 43 फुटांची. पाणी 38 फुटांवर असताना काठावरचा माणूस म्हणेल ते ‘आय होप’, कारण पाणी थांबू शकते. घरात शिरल्यावर म्हणेल ते ‘आय विश’. त्या दिवसापासून मी ‘विश’पुढे इच्छा हा शब्द लिहिणे बंद केले. वाढदिवसाला आपण ‘विश’ करतो किंवा अर्जात ‘आय विश टू अप्लाय’ लिहितो, ते प्रयोग निराळे. ते मुलांना सहज येतात.

तिसरी अडचण आदराची आहे. एका माजी विद्यार्थ्याने नोकरीच्या मुलाखतीनंतर कंपनीला इमेल पाठवली होती: ‘आय वॉन्ट टू नो माय सॅलरी.’ उत्तर आले नाही. त्यामागचे कारण मी सांगू शकत नाही, पण त्याने दाखवले तेव्हा ते वाक्य मला टोचले, आणि त्याला त्यात काही वावगे दिसत नव्हते. ‘पगार किती असेल हे मला जाणून घ्यायचे आहे’ हे मराठीत सरळ, सभ्य वाक्य आहे, शिवाय ‘आपण’, ‘आपल्या’ या शब्दांनी आणि क्रियापदाच्या रूपाने आदर राखण्याची सोय आहे. इंग्रजीत पूर्वी ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा आपल्या तू-तुम्हीसारखा भेद होता. रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ गेल्यावर सर्वनामात आदर दाखवायला जागाच उरली नाही. म्हणून तो भार ‘आय वुड लाइक’सारख्या शब्दयोजनेवर पडतो, आणि अनोळखी माणसाला लिहिलेला नुसता ‘वॉन्ट’ हट्टासारखा ऐकू येतो. ‘डिझायर’ वापरला की भाषा भारदस्त होते, असेही मुलांना वाटते. तो शब्द भारदस्त आहे खरा, पण माणसामाणसांतल्या ओढीविषयी आला की त्याला शरीराच्या वासनेची छटा येते, त्यामुळे ‘आय डिझायर’ने अर्जाची सुरुवात करू नये हे मी प्रत्येक वर्गाला बजावत असे.

खुद्द ‘वासना’ हा शब्दच पाहा. आजारी माणसाची अन्नावरची वासना उडाली, असे माझी आजी म्हणायची, तेव्हा त्यात काही गैर नव्हते. कोशात पाहून त्याला ‘लस्ट’ लिहिले तर मात्र अनर्थ होईल. ‘लस्ट’ही मुळात नुसत्या आनंदाचा, आवडीचा शब्द होता, जर्मनमध्ये अजून आहे. पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ लिहितो, त्या लोभाला हाव म्हणणारा मराठी माणूस सापडणार नाही. शब्द कोणाच्या तोंडी आणि कोणत्या वाक्यात आला, यावर तो ठरतो, हे आपल्या भाषेत आपल्याला न शिकवता कळते. परक्या भाषेत ते कोणी तरी दाखवावे लागते.

हे सगळे आता निकडीचे झाले आहे, कारण ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची फेरी त्यामुळे वाचली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि ते कागद गावोगावच्या घरात पोचल्यावर पहिल्यांदा वाचणार आहेत ती दहावी-बारावीची मुलेच.

इंग्रजीच्या शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे की, शब्दापुढे शब्द लिहून देणे थांबवावे आणि प्रत्येक शब्दाला मुलांच्या घरातले एक मराठी वाक्य जोडून द्यावे. आपल्या शालेय पुरवणीत आठवड्याला एका कोपऱ्यात अशी वाक्ये, आणि त्यांच्या शेजारी न्यायालयीन आदेशांत नेहमी येणाऱ्या एखाद्या इंग्रजी शब्दप्रयोगाचा साधा मराठी अर्थ, छापता येईल का? अर्थ एखाद्या वकिलांकडून तपासून घ्यावेत. वाक्ये मी लिहून देईन, मानधनाची अपेक्षा नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर