आत्याबाईंनी घरात कोंबडी करायला सांगितली

गंगाखेड
सोमवार, आखाड

प्रिय मंगल,

हे फोनवर सांगता आलं नसतं. आत्याबाई दिवसभर माजघरात असतात आणि मी नुसतं "हॅलो" म्हटलं तरी त्यांचे कान इकडे लागतात. म्हणून लिहायला बसले. आम्ही सगळे ठीक. ह्यांची साखर गोळीवर आहे, माझी पाठ आहे तशीच. तुझ्या पत्रांची उत्तरं राहिलीत, त्यावरून काय भांडायचं ते दिवाळीत भांडू. आधी हे ऐक.

काल आमच्या घरात कोंबडी शिजली. घरात, मंगल! मागच्या पत्र्याच्या शेडात नाही, आतल्या ओट्यावर, गॅसवर, देवघरापासून चार पावलांवर. आणि करायला सांगितली ती आत्याबाईंनी.

माझ्या लग्नानंतर तू पहिल्यांदा आलीस तेव्हाचं आठवतं ना? तुझ्या पिशवीत प्रवासातली दोन उकडलेली अंडी निघाली आणि तुझी अख्खी पिशवी, साडीचोळीसकट, रात्रभर अंगणात रांजणाच्या पलीकडे राहिली. सकाळी मांजरानं अंडी खाल्ली होती आणि तू आत्याबाईंना म्हणालीस, "मावशी, आता मांजराला पण अंघोळ घाला." तुला हे बोलायची हिंमत झाली आणि त्या हसल्या, याचं मला आजही नवल वाटतं. मी सून, मी तसं बोलले असते तर वर्षभर ऐकलं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे तीच रीत. मटण-कोंबडी करायची तर मागे, तीन दगडांच्या चुलीवर. पातेलं वेगळं, पळी वेगळी, ती दोन्ही शेडातच खुंटीला. करायचं ह्यांनी, खायचं तिथंच पाट टाकून, आणि मग हातपाय धुऊन, कपडे बदलून घरात यायचं. आत्याबाईंनी मामंजी गेल्यावर पंढरपुरात माळ घातली. एकादशी, हरिपाठ, जनाबाईच्या देवळात जाणं, काही चुकत नाही. शेगावची पालखी इथून पंढरपूरकडे जाते तेव्हा दोन दिवस आधीपासून घर सारवल्यासारखं स्वच्छ हवं. यंदाही कांदेनवमीला कांदा-लसूण सोडला तो कार्तिकीपर्यंत. आणि त्याच बाई ऐन चातुर्मासात मला म्हणतात, कोंबडी कर.

झालं असं की वैष्णवी लातूरहून आली. क्लासला असते तिथं, तुला माहीतच आहे, आमच्याकडे मूल हुशार निघालं की त्याला लातूरला पाठवतात. टायफॉईड झाला पोरीला. ताप उतरला, पण मेसचं जेवण आणि वरून आजारपण, अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, डाळ, अंडी, चिकन, जे पचेल ते द्या, प्रोटीन पोटात जाऊ द्या. मी मुगाचं वरण देत होते, शेंगदाण्याचे लाडू देत होते. रविवारी सकाळी ती आत्याबाईंजवळ बसून वेणी घालून घेत होती. आत्याबाईंनी तिचं मनगट धरलं, आपल्या अंगठ्यानं आणि बोटानं त्याला वेढा घातला. अंगठा बोटावर चढून पुढं गेला. मला हाक मारली.

"पोरीच्या मनगटाकडं बघ जरा. कोंबडी कर तिला आज."

मी म्हटलं, हे आले की शेडात मांडतील. बाहेर पाऊस कोसळत होता, शेडात गुडघाभर चिखल.

"वल्ल्या लाकडाला चूल पेटंल व्हय? घरातच कर."

मी उभीच राहिले. त्या वेणी घालत राहिल्या. मी विचारलं, "पातेलं कोणतं घेऊ?" तर म्हणाल्या, "घरातलं घे. धुतलं की भांडं भांडंच असतंय."

मंगल, ज्या बाईनं ओट्यावर ऑम्लेटचा तवा ठेवला म्हणून ओटा तीनदा शेणानं सारवायला लावला असता (ओटा कडप्प्याचा आहे तरीही), ती हे बोलली!

ह्यांनी किलोभर ब्रॉयलर आणली. गावरान आणणार होते, मी नको म्हटलं. गावरान कोंबडीला मंद आचेवर तास-सव्वातास हवा आणि आजारातून उठलेल्या पोरीला वातड तुकडे चावत बसायला लावायचं कशाला? ब्रॉयलर वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होते. धुऊन हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण चोळून ठेवलं. हळद वसमतची, हो तीच, जिला 2024 साली जीआय मानांकन मिळालं म्हणून तू कात्रण पाठवून माझी आठवण काढली होतीस. मग करडईच्या तेलात एक कांदा परतला, त्यावर तुकडे टाकले, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजू दिले. तेच झाकणावरचं गरम पाणी नंतर आत. हे झालं आळणी. यातलं वाटीभर पोरीसाठी बाजूला.

आता वाटण. इथं तू मध्ये तोंड घालशील म्हणून आधीच सांगते, टोमॅटो घातला नाही. होस्टेलला वातीच्या स्टोव्हवर तू माझ्या रश्शात गुपचूप टोमॅटो चिरून टाकला होतास आणि मी आठ दिवस बोलले नव्हते, ते भांडण माझ्याकडून अजून संपलेलं नाही. आणि आता पनवेलला जाऊन तू ओलं खोबरं घालायला लागलीस. ओल्या खोबऱ्यानं रस्सा गोड होतो, काळ्या मसाल्याचा जोर मरतो. घाल बाई, तुझं घर, तुझी कोंबडी. पण त्याला मराठवाड्याचा रस्सा म्हणून शेजारणींना वाढू नकोस, एवढंच.

तीन कांदे सालासकट जाळीवर ठेवले. सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी तव्यावर भाजायला घेतली आणि मी लसूण सोलायला वळले. तेवढ्यात देवघराच्या दारातून आवाज आला, "खोबरं करपायलंय. उतर."

मी मागं बघितलं. आत्याबाई उंबऱ्यावर बसलेल्या, तोंड देवाकडं, पाठ माझ्याकडं. बघत नव्हत्या. नुसत्या वासावर!

मग तर सुरूच झालं. "तीळ आधी टाकू नको, उडतेत. खसखस आच बंद करून टाक." "कांद्याचं काळं साल काढ, पर समदं नको काढू, रंग त्यातच हाय." मसाला परतताना म्हणाल्या, "तेल सुटलं नाही अजून, आवाज ऐक." मी ऐकलं. खरंच, वाटणातलं पाणी आटेपर्यंत फडफड होते आणि तेल सुटलं की तीच फडफड बारीक, चरचरीत होते. इतकी वर्षं स्वयंपाक करते, मी डोळ्यांनी बघून ठरवत होते. दोन चमचे काळा मसाला, एक चमचा तिखट, मग शिजलेले तुकडे, मग कढत पाणी. "गार पाणी टाकलं की तर्री बसती," हेही उंबऱ्यावरूनच. शेवटी कोथिंबीर, लातूरहून येताना वैष्णवीनं कास्ती कोथिंबिरीची जुडी आणली होती तिची. झाकण काढलं तर वर बोटभर लाल तवंग. ओमनं ज्वारीच्या चार भाकरी कुस्करल्या, वेळेचं भान नाही पोराला.

मामंजींच्या वेळी आत्याबाईंच्या हातचा रस्सा खायला भाऊबंद गाडी जुंपून यायचे, हे मी नुसतं ऐकून होते. माझ्या लग्नाआधीच सगळं सोडलं त्यांनी. काल पहिल्यांदा कळलं की त्या नुसतं सोडून बसल्यात, विसरल्या काहीच नाहीत.

आणि आता जे सांगते ते मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. वैष्णवीची आळणीची वाटी मी ओट्यावर निवायला ठेवली होती. आत्याबाई उठल्या. गळ्यातली माळ पोलक्याच्या आत सारली, वरून पदर घट्ट ओढून घेतला. मग ती वाटी पदरानं धरून उचलली, फुंकर घातली, आणि पोरीच्या हातात दिली. ती अर्धी संपेपर्यंत समोर उभ्या. मग मोरीत जाऊन हात धुतले, माळ बाहेर काढली आणि हरिपाठाला बसल्या. रात्री त्याच ओट्यावर केलेली भगर खाल्ली. ओटा धुव म्हणाल्या नाहीत. मी आपणहून धुतला, दोनदा.

हे खूश आहेत. म्हणतात, माय बदलली, बरं झालं, आता चिखलात पाट टाकायला नको. ओम तर पुढच्या रविवारचं ठरवून मोकळा. मला मात्र रात्रभर झोप नाही. आणि हे फक्त तुलाच कळेल म्हणून तुला लिहिते.

तुझी आई आठवते गं मला. काकूंनी शेवटच्या दिवाळीला सोवळ्याची पेटी वहिनींना देऊन टाकली होती, आणि दादा चप्पल घालून स्वयंपाकघरात आला तरी बोलल्या नव्हत्या. तेव्हा तू मला लिहिलं होतंस, "आई मऊ झाली, किती छान वाटतंय." पुढच्या आषाढीला काकू नव्हत्या. ते पत्र माझ्याकडे आहे. काल रात्री काढून वाचलं.

आता मला सगळंच दिसायला लागलंय. मागच्या महिन्यात आत्याबाईंनी येसर मसाल्याचं प्रमाण वैष्णवीच्या वहीत लिहून घेतलं, धणे किती, दगडफूल किती, गहू आणि हरभऱ्याची डाळ कितपत भाजायची. मला कधी सांगितलं नव्हतं, बरणी स्वतःच भरायच्या. ट्रंकेची किल्ली कमरेची काढून माझ्या डब्यात ठेवली. पुढच्या वारीला जायचं नावच काढत नाहीत. एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच नाही. नातीसाठी जीव तुटतो, वय झालं, गुडघे दुखतात, असं कुणीही म्हणेल. मीही दिवसभर स्वतःला तेच सांगते. पण ती माळ आत सारताना त्यांचा हात कापत होता. पोरीसाठी देवाला क्षणभर बाजूला ठेवणं त्यांना सोपं गेलेलं नाही. कुणाला सोपं गेलं असतं?

मी ह्या सोवळ्याशी किती भांडले ते तुला माहीत आहे. गरोदरपणात डॉक्टरांनी अंडी सांगितली होती, ती मी शेडात बसून खाल्ली, थंडीत, ओम पोटात असताना. तेव्हा तुला लिहिलेली पत्रं जाळून टाक, खूप वाईट लिहिलंय त्यांच्याबद्दल. पण काल मला वाटलं, त्यांनी ओरडावं. ओटा धुवायला लावावा, पातेलं बाहेर फेकावं. त्या भांडत होत्या तोवर हे घर त्यांचं होतं.

म्हणून मी ठरवलंय. शेडात विटांचा थर घालून घेते, गवंड्याला सांगितलंय, वर ताडपत्री. पुढच्या रविवारी श्रावणाच्या आधी एकदा करायचीच आहे पोरीसाठी, ती बाहेरच करणार, पाऊस असो नसो. आत्याबाई "घरात कर" म्हणाल्या तरी नाही करणार. त्यांनी उंबऱ्यावरून सांगावं, मी शेडातून ऐकेन. त्यांचं सोवळं त्यांनी सोडलं तरी मी सोडू देणार नाही. ह्यांना हे पटत नाही, म्हणतात उलटीच तऱ्हा तुझी. असू दे.

तुझं काय चाललंय? सुमितच्या लग्नाचं जमलं का? मुलीकडचे माजलगावचे की माजलगावजवळचे, नीट लिही, मला ओळखीतून चौकशी करता येईल. बदली रद्द झाली हे वाचून बरं वाटलं. गुडघ्याला तेल लाव.

आणि मला नीट आठवून लिही. काकू त्या वर्षी जेवायच्या किती, झोपायच्या किती, दुपारी उगाच पडून असायच्या का? डॉक्टरकडे नेलं होतं का आणि काय म्हणाले होते? वहिनींनाही विचार, त्या जवळ होत्या. आत्याबाईंना मी पुढच्या आठवड्यात परभणीला दाखवायला नेणार आहे, गुडघ्यांचं निमित्त करून. रक्त वगैरे सगळं तपासून घेते. तुझं उत्तर त्याआधी आलं तर डॉक्टरांना काय विचारायचं ते मला कळेल. एवढं एक काम कर, बाकी सगळं नंतर.

तुझी,
सुनी

ता. क. वैष्णवी म्हणते, मंगलमावशीला सांग, मी दोन वाट्या आळणी प्याले आणि नळीपण चोखली.